जुन्या साच्यातली कालवड

खडकपिंपरीच्या चारा छावणीतला लॅपटॉप गेल्या पाडव्यापासून मिटलेला नव्हता. ह्याला दोन कारणं होती. एक खरं, आणि एक लोकांना पटणारं.

खरं कारण असं, की छावणीतली सगळी जनावरं त्या लॅपटॉपच्या नुसत्या आठवणीत होती. छावणी चालवायला घेतली होती गावच्या सहकारी दूध संस्थेनं. दुष्काळात दूध आटलं, संस्थेकडं माणसं, खुर्च्या आणि शिक्का एवढंच उरलं, आणि छावणीला तेवढंच लागतं. चेअरमन मोहनराव आधुनिक विचारांचे असल्यामुळं त्यांनी पुण्यातल्या एका पोराकडनं प्रोग्रॅम लिहून घेतला. पोरगं हुशार होतं. लॅपटॉपवर एक काळी खिडकी उघडायची, तिच्यात एक ओळ टाइप केली की मशीन लगेच उत्तर देणार, दुसरी टाइप केली की दुसरं उत्तर. पारावर बसून गप्पा माराव्यात तसं. गेटातून जनावर आत आलं की त्याचं नाव टाकायचं. मशीनजवळ 'जनावर' नावाचा एक साचा होता, त्यातून ते एक जनावर पाडणार आणि आपल्या डोक्यात उभं करणार. सकाळी नुसतं 'वाटप' म्हणायचं, की कोणापुढं किती चारा टाकायचा ते सांगणार. फक्त ही डोक्यातली जनावरं डिस्कवर कायमची साठवायची सोय पोरानं दुसऱ्या टप्प्यात धरली होती, आणि दुसरा टप्पा यायच्या आत पोरगं बेंगळूरला गेलं. खिडकी बंद झाली असती तर सगळी जनावरं माळावर रवंथ करत उभी असूनही छावणीत नसती.

हे सगळं बंकटनं संचालक मंडळाला नीट समजावलं होतं. बंकट म्हणजे छावणीचा ऑपरेटर, अंबाजोगाईला बी.एस्सी. कॉम्प्युटर झालेला. मंडळानं ऐकून घेतलं, चहा घेतला, आणि दर दोन दिवसांनी कोणीतरी "काम झालं की झाकण लावत जाय बे, धूळ जाती" असं म्हणून झाकण लावायला येत राहिलं. शेवटी बंकट बेजार झाला आणि बोलून गेला, "सप्ताहात वीणा खाली ठेवता का तुमी? न्हाई ना? तसंच हाय हे."

बंकट बुद्धवस्तीतला. सप्ताहाच्या मांडवात तो स्पीकरच्या वायरी ओढायला जायचा तेवढंच. पण वायरी ओढता ओढता त्यानं पाहिलं होतं, की सात दिवस वीणा जमिनीला टेकत नाही, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. उपमा चांगली होती. जरा जास्तच चांगली निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्रिंबकबुवा नावाचे माळकरी गृहस्थ आंघोळ करून टेबलाशी हजर झाले. त्यांनी लॅपटॉपला बुक्का लावला (कॅमेरा तेव्हापासून गेला तो गेलाच), एका कोपऱ्यावर हात ठेवला आणि डोळे मिटून उभे राहिले. त्यांचा पहारा संपला तसा दुसरा आला. तेव्हापासून कोणी ना कोणी लॅपटॉपला हात लावून उभं असायचं. लाइट गेली की ट्रॅक्टरची बॅटरी जोडायची. ट्रॅक्टरला तसंही वर्षभर काम नव्हतं.

हे झालं दुसरं कारण. झाकण लावायला मात्र परत कोणी आलं नाही.

सगळं सुरळीत चाललं होतं. भानगड निघाली ती चिमणीवरून.

चिमणी ही बंकटच्या आईची, कडूबाईची, कालवड. छावणी उघडली तेव्हा पहिल्याच दिवशी कडूबाईनं तिला दाव्यानं ओढत आणली. गेटावर म्हाळू धनगर उभा होता. संस्थेनं त्याला एक बांबू दिला होता आणि बांबूवर निळ्या रंगाची रेघ मारून दिली होती. जनावर रेघेच्या वर गेलं तर मोठं, त्याला पूर्ण चारा. रेघेच्या खाली राहिलं तर लहान, त्याला अर्धा. एसटीतल्या अर्ध्या तिकिटासारखाच हिशेब, फक्त इथं मायबाप लेकराला गुडघे वाकवायला नाही तर टाचा उंच करायला सांगत होते. चिमणी हाडाची काडी झालेली. ती रेघेखाली चांगली चार बोटं राहिली. म्हाळूनं "लहान" म्हणून हाक दिली, बंकटनं "लहान" टाइप केलं, संपलं.

मग वर्ष गेलं. अर्ध्या चाऱ्यावर चिमणी अर्धीच वाढली, म्हणजे वाढलीच नाही. वाढली नाही म्हणून रेघेखाली राहिली, आणि रेघेखाली होती म्हणून अर्धा चारा. मशीन एका शब्दानं खोटं बोलत नव्हतं. रोज सकाळी ते चिमणीला लहान म्हणायचं, आणि रोज सकाळी ती लहान असायची. फक्त मधल्या काळात डॉक्टर येऊन गेले होते आणि चिमणी गाभण राहिली होती. ह्या गोष्टीला रेघ आडवी आली नाही.

दिवस भरत आले तसे डॉक्टर परत आले. चिमणीच्या बरगड्यांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "मावशी, हिच्या पोटात आत्ता नाही तर कधी जायचं? असंच चाललं तर वासरू तरी राहील, नाहीतर ही तरी. दोन्ही राहतील असं मी लिहून देत नाही."

कडूबाई तडक टेबलाशी आली.

"बंक्या, पोटुशी बाईला कुणी अर्धी भाकर वाढतं का रे?"

"माय, मी वाढत न्हाई. प्रोग्रॅम वाढतो."

"मग त्याला सांग की."

"त्याला सांगून समजत न्हाई. लिहून द्यावं लागतं."

"मग लिव्ह! बी.एस्सी. कावून केलं? माझ्या चिमणीला अर्धी पेंढी टाकायला?"

पहाऱ्यावर त्रिंबकबुवा होते. त्यांनी एक डोळा उघडला. "कडूबाई, इथं मोठ्यानं बोलू नये."

"बुवा, तुमी डबड्याला धरून उभं ऱ्हावा. पडंल ते."

बंकटनं लिहिलं. प्रोग्रॅमची फाइल उघडली, 'जनावर' नावाच्या साच्यात एक ओळ घातली: गाभण असेल तर उंची न बघता मोठं. फाइल सेव्ह केली. मग काळ्या खिडकीत येऊन 'रीलोड' म्हणाला. ह्याचा फायदा असा, की खिडकी बंद करायची नाही, आठवणीतल्या एकाही जनावराला धक्का लावायचा नाही, नुसती बदललेली फाइल मशीननं नव्यानं वाचायची. मशीननं ती वाचली. काही तक्रार केली नाही. बंकटनं आईला सांगितलं, "झालं. सकाळी बघ."

सकाळी 'वाटप' म्हटलं. चिमणी, अर्धा.

बंकटनं फाइल तपासली. ओळ होती. परत रीलोड केलं. चिमणी, अर्धा. चिमणीच्या नावासमोर 'गाभण: हो' असंही टाकून पाहिलं. मशीननं तेही मान्य केलं आणि म्हणालं: चिमणी, गाभण, अर्धा. परत रीलोड. परत अर्धा. त्रिंबकबुवा शेजारी उभे राहून हे ऐकत होते. बोटांचा एकच ताल, एकच शब्द. त्यांना ते ओळखीचं वाटलं.

"बंकटराव, एकशे आठ वेळा करून बघा," ते हळूच म्हणाले. "मधी बोलू नका म्हंजे झालं."

तेवढ्यात शिरूर कासारकडचं एक कुटुंब ऊसतोडीहून परतलं आणि आपली गाय घेऊन गेटात उभं राहिलं. गाय गाभण होती आणि चिमणीपेक्षाही खुजी. म्हाळूनं "रेघेखाली" म्हणून हाक दिली. बंकटनं तिचं नाव टाकलं. मशीननं विचारलं, गाभण? बंकट म्हणाला, हो. मशीन म्हणालं: मोठं, पूर्ण.

कडूबाई गोठ्यातून बघत होती. "ही कोण तुझी मावशी लागती का रे?"

तेव्हा बंकटच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दुपारी तो मोहनरावांसमोर उभा राहिला. मोहनराव अंगानं लहान, पण खुर्चीत बसले की त्यांचा आवाज माइकमधून यावा तसा यायचा.

"साहेब, वीटभट्टीवर साचा बदलला म्हणून आधी पाडलेल्या विटा बदलत्यात का?"

"न्हाई. पुढं बोल."

"तसं झालंय. रीलोड केलं की साचा नवा येतो. पण जी जनावरं आधीच आठवणीत उभी हायत, ती जुन्या साच्यातून पडलेली. ती जुन्याच साच्याला धरून बसलीत. नव्या नियमाचा त्यांना पत्ताच न्हाई."

"म्हंजे आपल्या मंडळावाणी," दारातून म्हाळू म्हणाला. "पोटनियम नवं आलं, मंडळ जुनंच."

मोहनरावांनी ते ऐकलं नाही. न ऐकण्यात त्यांचा अनेक वर्षांचा अनुभव होता. "उपाय सांग," ते म्हणाले.

"चिमणीला गेटाबाहेर काढायचं, तिची जुनी नोंद पुसायची, आन परत आत घ्यायचं. आत येताना ती नव्या साच्यातून पडंल. पाच मिनिटांचं काम हाय."

ते खरोखरच पाच मिनिटांचं काम होतं. पण गाव सहकारी होतं.

बातमी पसरायला तेवढीच पाच मिनिटं लागली. शहादेव नावाचे सभासद सगळ्यात आधी आले. त्यांना तीन म्हशी आणि भरपूर मोकळा वेळ होता. "ऑपरेटरच्या मायच्या कालवडीला नवा साचा, आन आमच्या म्हशी जुन्या साच्यात कुजायच्या? आमी काय सावत्र हावोत?"

"काका, तुमच्या म्हशी मोठ्याच हायत. पूर्ण चारा खात्यात. त्यांना बदलून काय फरक पडणार?"

"फरकाचं सोड. नवं ते नवं."

संध्याकाळी सर्वसाधारण सभा बसली. एकाला जे, ते सर्वांना, हा सहकाराचा आत्मा आहे असं मोहनरावांनी उभं राहून सांगितलं. उभं राहिल्यानं फारसा फरक पडला नाही. ठराव एकमतानं मंजूर झाला: छावणीतली सर्व जनावरं बाहेर काढावीत आणि परत आत घ्यावीत. वशिला झाला असं कोणी म्हणू नये म्हणून ऑपरेटरच्या घरचं जनावर सगळ्यात शेवटी आत येईल. आणि हे उद्याच्या उद्या व्हावं, कारण तहसीलमधनं फोन आला होता, की उद्या दिवस मावळल्यावर छावणीत नवीन जनावर घ्यायचं नाही.

"म्हंजे उद्या मावळतीला जे बाहेर राहील, ते बाहेरच?" कडूबाईनं विचारलं.

"ठराव मंजूर झालाय," मोहनराव म्हणाले.

सकाळी गेट उघडलं. वर्षभर एका जागी बांधलेली जनावरं बाहेर पडली आणि माळावर गेल्यावर त्यांना काय करावं ते सुचेना. काही नुसतीच उभी राहिली. शहादेवकाकांची एक म्हैस बाभळीला वळसा घालून परत दाव्याकडं निघाली, तिला वळवून रांगेत लावलं. बंकटनं टेबल गेटावर आणायला सांगितलं, पण लॅपटॉप टेबलावरून उचलायचा आणि खाली ठेवायचा, हे त्रिंबकबुवांना मंजूर नव्हतं. त्यांनी उपरण्याची झोळी केली, लॅपटॉप गळ्यात अडकवला, बॅटरीची वायर खांद्यावरून मागं सोडली आणि गेटात उभे राहिले. बंकटला त्यांच्या पोटावर टाइप करावं लागत होतं.

"बुवा, श्वास जरा कमी घ्या. अक्षरं चुकायलीत."

बुवांनी श्वास कमी घेतला. बंकटनं आठवणीतली सगळी जनावरं एकजात पुसली. वर्षानंतर पहिल्यांदाच मशीनचं डोकं रिकामं झालं. गेटावर मोबाइलला रेंज येते हे त्याला त्याच वेळी कळलं, कारण आत गोठ्यात ती कधीच येत नसे. त्यानं सहज शोधून पाहिलं. उत्तर लगेच मिळालं. आठवणीतल्या जनावराला जागचं न हलवता नवा साचा लावता येतो. एक ओळ लागते. बंकटनं बाभळीपर्यंत गेलेल्या रांगेकडं पाहिलं. मग मोबाइल खिशात ठेवला.

"पहिलं कोण?" त्यानं विचारलं.

पहिले होते मोहनराव.

ह्यात नवल नव्हतं. खडकपिंपरीत कशाचीही सुरुवात चेअरमनच्या नावानं होते. संस्थेचा पहिला शेअर त्यांचा, दुधाचा पहिला कॅन त्यांचा. पाडव्याला नारळ फोडून प्रोग्रॅमचं उद्घाटन झालं तेव्हाही पहिली नोंद त्यांच्याच नावाची करण्यात आली. प्रोग्रॅमला जनावर सोडून दुसरं काही ठाऊक नव्हतं, आणि चेअरमनला बांबू लावायची कोणाची हिंमत नव्हती. म्हणून मोहनराव, मोठं, पूर्ण. वर्षभर रोज सकाळी एक पेंढी त्यांच्या खुर्चीपुढं ठेवली जायची. ते तिला नमस्कार करायचे आणि देवळाच्या वळूकडं पाठवायचे.

आता ते गेटाबाहेर गेले, वळले, आणि कोणी हार घालेल अशा चालीनं आत आले. म्हाळूनं बांबू आडवा केला.

"म्हाळू, माझी उंची म्हाईत न्हाई का तुला?"

"म्हाईत हाय, साहेब. पण ठराव सर्वांना हाय." त्यानं बांबू उभा धरला, डोळा बारीक केला. "रेघेखाली."

मशीननं पुढचा प्रश्न विचारला. बंकटनं तो वाचायचं टाळलं असतं, पण लॅपटॉप बुवांच्या गळ्यात होता आणि बुवांना पडद्यावर दिसेल ते कीर्तनाच्या आवाजात वाचायची सवय लागली होती.

"गाभण आहे काऽऽ?"

"न्हाई!" मोहनराव ओरडले.

"लहान," बुवांनी वाचलं. "अर्धाऽऽ."

मोहनराव पाठमोरे झाले, गेटाबाहेर गेले आणि खुर्ची मागवून गेटाच्या बरोबर तोंडाशी बसले. "लहान म्हणून मी आत यायचा न्हाई," ते म्हणाले. "निवडणूक तोंडावर हाय. घरून माझा फेटा आणा."

गाव तिथून लांब. फेटा आणायला गेलेल्या माणसाला आधी चहा घ्यावा लागला. फेटा आला तर बांधणारा नव्हता. बांधणारा आला तर त्याला तुरा मनासारखा निघेना. ऊन चढलं, डोक्यावर आलं, कलायला लागलं. खुर्ची तोंडात असल्यानं मागचं जनावर पुढं सरकत नव्हतं. रांगेच्या दुसऱ्या टोकाला बाभळीखाली कडूबाई चिमणीला धरून उभी होती, आणि तिचा निरोप माणसामाणसाच्या तोंडून गेटापर्यंत येत होता.

"बंकट, तुझी माय म्हणती चिमणी सारखी उठबस करायली."

थोड्या वेळानं, "बंकट, तुझी माय म्हणती तिनं शेपूट वर धरलंय."

बंकट बुवांच्या पोटावरून उठून ओरडला, "माय, पुढं ये तिला घिऊन!"

"वशिलाऽऽ!" शहादेवकाका रांगेतून ओरडले. आणखी दोघातिघांनी तोच सूर ओढला. म्हशींनीही माना वर केल्या.

"चेअरमनसाहेब, एवढं एक जनावर आधी घिऊ द्या. व्यायला लागलीय ती."

"ठराव काय झालाय? शेवटी." मोहनराव हलू शकत नव्हते, फेट्याचं एक टोक बांधणाऱ्याच्या दातात होतं. "आन हलवू नको मला."

अखेर फेटा झाला. तुरा असा उभा राहिला, की लांबून पाहणाऱ्याला वाटावं शेतात कणीस आलंय. मोहनराव आत आले. म्हाळूनं बांबू लावला. तुऱ्याचं टोक रेघेच्या वर चांगलं वीतभर गेलं.

"हे धरायचं का?" म्हाळूनं विचारलं.

"गेटातून जे आत येतं ते सगळं धरायचं," मोहनराव म्हणाले.

"ऐकलं का रे सगळ्यांनी?" म्हाळूनं रांगेला विचारलं. रांगेनं ऐकलं होतं. "मोठं!"

मग रांग सुटली. म्हाळू हाका देत होता, बुवा वाचत होते, बंकट टाइप करत होता. जेवढी मोठी होती तेवढी मोठी निघाली, जेवढी लहान तेवढी लहान. शहादेवकाकांच्या म्हशी नव्या साच्यातून पडल्या आणि पूर्वीइतकाच चारा मिळणार हे ऐकून काका समाधानानं घरी गेले. सूर्य बाभळीच्या फांद्यांत अडकला. शेवटी चिमणी आली.

ती चालत होती म्हणण्यापेक्षा कडूबाई तिला चालवत होती. पुढचे दोन पाय गेटाच्या आत पडले आणि चिमणी बसली. अर्धी आत, अर्धी बाहेर. नंतर तिनं मान लांब केली.

"रेघेखाली," म्हाळू हळूच म्हणाला. बसलेल्या जनावराला बांबू लावायला त्याला बरं वाटत नव्हतं.

"गाभण आहे काऽऽ?" बुवांनी वाचलं.

"हो म्हण, बंक्या! लौकर हो म्हण!"

बंकटनं बोट उचलायला आणि वासरू खाली पडायला एकच गाठ पडली. ओलं, काळं-पांढरं, कानांसकट थरथरणारं. कडूबाईनं पदरानं त्याचं तोंड पुसलं, नाकात फुंकर मारली. ते शिंकलं. बंकटचं बोट 'हो'वर टेकणार एवढ्यात त्रिंबकबुवा एक पाऊल मागं सरकले. लॅपटॉप त्यांच्याबरोबर गेला.

"बुवा!"

"आता ती गाभण न्हाई, बंकटराव."

"तुमाला दिसतंय ते मलाबी दिसतंय. इकडं या."

"वीणा गळ्यात हाय," बुवा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, वासरामुळं की वजनामुळं ते कळलं नाही. "खोटं टाइपू देणार न्हाई."

मावळायला आलं होतं. बंकटनं आईकडं पाहिलं, चिमणीच्या बरगड्यांकडं पाहिलं. नोंद झालीच नाही तर अर्धाही गेला. त्यानं 'नाही' टाइप केलं.

"लहान," बुवांनी अगदी बारीक आवाजात वाचलं. "अर्धा."

ज्या कालवडीसाठी नियम बदलला, नियमासाठी साचा बदलला आणि साच्यासाठी सगळं माळरान दिवसभर उन्हात उभं राहिलं, ती कालवड नव्या साच्यातून निघून परत जिथल्या तिथं आली होती. बंकटच्या अंगात एकदम वारं भरलं.

"थांबा. मी आणखी एक ओळ घालतो. व्यायलेली असंल तरी मोठं. रीलोड करतो. दोन मिनिटं."

"आन मग?" म्हाळूनं विचारलं.

मग काय ते सगळ्यांनाच माहीत होतं: परत सगळी बाहेर, परत सगळी आत. मोबाइलमधली ती ओळ आता सांगितली असती, तर दिवसभराचं ऊन बंकटच्याच डोक्यावर आलं असतं. आत टेकलेल्या माणसांनी एकमेकांकडं पाहिलं. मोहनरावांनी दोन्ही हातांनी फेटा धरला. "सभेची मुदत संपलीय," ते म्हणाले.

कडूबाईचं ह्या बोलण्याकडं लक्ष नव्हतं. तिनं वासराचे चारी पाय एका हातात धरले आणि त्याला मानेवर घेतलं, सरपणाची मोळी घ्यावी तसं. उभी राहिली आणि गेटाबाहेर जाऊन परत आत वळली.

"हे नवीन जनावर हाय का न्हाई?"

"हाय," बंकट म्हणाला.

"दिवस मावळला का?"

सगळ्यांनी बाभळीकडं पाहिलं. थोडासा राहिला होता.

"मग लाव बांबू, म्हाळू."

म्हाळूनं बांबू लावला. वासराचे कान रेघेच्या कितीतरी वर होते.

"हे चालणार न्हाई!" मोहनराव खुर्चीतून उठले. "वासराची उंची जमिनीपासून धरायची. ही बाई कशी काय धरता?"

म्हाळूनं बांबू खाली टेकवला आणि त्यावर दोन्ही हात ठेवून उभा राहिला. मेंढरांमागं उभा राहायचा तसा. "साहेब, गेटातून जे आत येतं ते सगळं धरायचं, असं तुमीच बोललात. फेटा तुमच्या वरून हाय, कडूबाई वासराच्या खालून हाय. एवढाच फरक. कडूबाई काढायची असंल तर फेटाबी काढावा लागंल."

मोहनरावांचा एक हात तुऱ्यावर गेला. तिथंच राहिला.

"वासरू लई मोठं दिसतंय," ते म्हणाले आणि बसले.

"गाभण आहे काऽऽ?" बुवांनी विचारलं, आणि मशीनच्या वतीनं स्वतःच लाजले.

"न्हाई वो बुवा," कडूबाई म्हणाली. "आत्ताच तर आलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी बंकटनं 'वाटप' म्हटलं. मोहनराव, पूर्ण. म्हशी, पूर्ण, पूर्ण, पूर्ण. चिमणी, अर्धा. चिमणीचं वासरू, पूर्ण. मशीननं एवढीशी का-कूसुद्धा केली नाही.

वासरानं चाऱ्याला तोंड लावायला अजून बरेच दिवस होते. कडूबाईनं त्याची पूर्ण पेंढी उचलली, चिमणीची अर्धी तिच्यावर ठेवली आणि सगळं चिमणीपुढं टाकलं. चिमणीनं वर्षानंतर पहिल्यांदा एवढा चारा एका जागी पाहिला. आधी ती बिचकली. मग तिनं खाली तोंड घातलं ते वर काढलंच नाही. वासरू तिच्या पोटाखाली शिरलं, ढुशी मारली आणि आपला वाटा तिथून घ्यायला लागलं.

बंकट टेबलाशी बसला होता. फाइल उघडी होती. 'व्यायलेली असेल तरी मोठं' ही ओळ त्यानं घालून ठेवली होती, सेव्हही केली होती. आता फक्त काळ्या खिडकीत जाऊन एक शब्द टाइप करायचा होता. त्याचं बोट आपोआप तिकडं गेलं. पहाऱ्यावर त्रिंबकबुवा होते, कालच्या वजनानं मान वाकडी झालेले. त्यांनी एक डोळा उघडला आणि आतल्या म्हशींकडं पाहिलं.

गोठ्यातून कडूबाईचा आवाज आला. "बंक्या, काय करायला तू?"

"काही न्हाई, माय."

"हात काढ तिथून. खाती हाय ती."

बंकटनं हात काढला. ओळ फाइलीत राहिली, मशीनला तिची खबर नव्हती. म्हाळू गेटाकडं जाता जाता सहज चिमणीजवळ थांबला, बांबू तिच्या शेजारी उभा धरला, डोळा बारीक केला.

"अजून चार बोटं," तो म्हणाला.

"तू नीघ," कडूबाई म्हणाली, आणि राहिलेला चारा हातानं गोळा करून चिमणीच्या तोंडाजवळ सरकवला.